शब्द रुसतात तेव्हा

गेल्या कार्तिकीच्या आधी एका तरुण वारकरी बंधूंचे पत्र आमच्याकडे आले. माळ घालून त्यांना १२ वर्षे झाली. घरी बेताची शेती, एकादशीला गावच्या देवळात भजन, आणि लहानपणापासून अभंग रचण्याचा छंद. सप्ताहातील जागराच्या शेवटी, पहाट होता होता, त्यांची एखादी रचना मंडळी कौतुकाने म्हणवून घेत. पण गेली २ वर्षे त्यांना एक चरणसुद्धा सुचलेला नाही. ते लिहितात, "वही घेऊन बसतो आणि वही तशीच मिटतो. आधी वाटायचं, आज नाही तर उद्या सुचेल. आता उद्याचंही काही वाटत नाही. देवानं आमच्यावरचा हात काढून घेतला का? तसंच असेल तर वारीला तरी कोणत्या तोंडानं यावं? वही इंद्रायणीत सोडून मोकळं व्हावं, असं मनात येतं."

पत्र वाचून आम्ही बराच वेळ तसेच बसून राहिलो. उत्तर काय द्यावे हे कळेना म्हणून नव्हे. हीच वाट आम्ही स्वतः अनवाणी चाललो आहोत, आणि तिच्यावरचे काटे अजून पायात आहेत, म्हणून.

सज्जनहो, हा प्रश्न फक्त पदे रचणाऱ्यांचा आहे असे समजू नये. कीर्तनकाराला कधी निरूपण गोड लागेनासे होते. मृदंगावर बसणाऱ्याचा हात चालतो, पण मन उठून जाते. जपाला बसणाऱ्याचे मणी सरकतात आणि नाम मात्र कोरडे राहते. एका विशिष्ट गोडीची सवय झालेल्या माणसाची ती गोडी नाहीशी झाली, म्हणजे त्याने काय करावे? यातच तीन प्रश्न आहेत. न सुचणे हा दोष आहे काय? सुचत नसताना ओढून ताणून लिहावे काय? आणि न लिहिता राहिले, तर सेवा अंतरते काय? या तिन्हींचा विचार आपल्या घरच्याच उदाहरणांनी करावा असे आम्ही योजले आहे. कवीच्या प्रतिभेविषयी पंडितांनी पुष्कळ लिहून ठेवले आहे. ते आमच्या आवाक्यातले नाही.

आधी आमची कथा

दुसऱ्याला उपदेश करण्याआधी आपली झोळी उघडून दाखवावी, म्हणून हे सांगतो.

आम्हीही एके काळी दर एकादशीला एक अभंग रचीत असू. तांबड्या कापडाच्या बांधणीची एक वही होती. आमचे धाकटे बंधू मृदंग वाजवीत. अभंग झाला की पहिला त्यांना ऐकवायचा, हा आमचा नेम. ते मृदंगावर नुसता हात ठेवून ऐकत आणि म्हणत, "दादा, तिसऱ्या चरणात ठेच लागते." आम्ही थोडे रागावत असू, मग तो चरण पुन्हा बांधीत असू. त्यांची मान डोलली म्हणजे आम्हाला पंढरी पावली. एका मार्गशीर्षात ते तापाने गेले. त्यानंतर वही उघडावी तो पान पांढरे. एक एकादशी गेली, दुसरी गेली, दीड वर्ष गेले. लोक विचारीत, "हल्ली नवीन काही नाही?" आम्ही हसून वेळ मारून नेत असू.

पुढे आषाढीच्या सुमारास एका ठिकाणाहून मागणी आली, की काहीतरी द्याच. आम्हाला नाही म्हणवेना. रात्री कंदील घेऊन बसलो आणि अभंग जुळविला. सहा, सहा, सहा आणि चार, अशी बावीस अक्षरे बरोबर मोजली. दुसऱ्या आणि तिसऱ्या चरणाचे यमक चोख बसविले. चंद्रभागा आली, वीट आली, कटेवरचे हात आले. जे जे यावयाला हवे ते ते सर्व आले, फक्त आम्ही आलो नाही. तो अभंग छापून आला. एका वृद्ध गृहस्थांनी कळविले, की तो वाचून त्यांच्या डोळ्यांना धारा लागल्या. सज्जनहो, त्या दिवशी आम्हाला जेवण गेले नाही. ज्या ओळी लिहिताना आमचा डोळा ओला झाला नव्हता, त्या वाचून एक भाविक रडला. ते अश्रू त्यांच्या भक्तीचे होते, खरे होते. आमचे नाणे मात्र खोटे होते. भाबड्या दुकानदाराने घेतले म्हणून खोटे नाणे काही खरे होत नाही. आणि ते आम्ही कुणाच्या नावावर चालविले होते? तर प्रत्यक्ष पांडुरंगाच्या.

दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर आम्हाला तेथे मिळाले. सरावासाठी लिहावे, खोडावे, अक्षरे मोजावी, यात पाप नाही. सुतार रिकाम्या वेळी रंध्याला धार लावतो, तसे ते आहे. पण जे आपण अनुभवले नाही ते अनुभवल्यासारखे सांगून लोकांकडून वाहवा घेणे, हा व्यवहार खोटा आहे. आडात नाही ते पोहऱ्यात कोठून येणार? आणि आड कोरडा असताना पोहरा भरून वर येत असेल, तर ते पाणी कोणाच्या तरी रांजणातले आहे, असे समजावे. आमच्या त्या अभंगातील प्रत्येक शब्द संतांच्या रांजणातून चोरलेला होता.

त्याच वर्षी वारीत दिवे घाट चढताना अभंग धरण्याची पाळी आमच्यावर आली. तुकोबारायांचा अभंग, लहानपणापासून तोंडपाठ. पहिला चरण म्हटला आणि दुसरा आठवेना! कंठात शब्दच नाही. टाळ वाजत आहेत, माणसे चालत आहेत, वर घाट आहे, आणि आम्ही तोंड उघडून नुसते चालतो आहोत. इतक्यात मागच्या रांगेतून एका वृद्ध माळीबाबांनी तो चरण उचलला. शाळेचे तोंड न पाहिलेला तो माणूस. दिंडीने त्यांच्यामागे तो चरण घेतला, आणि अभंग पुढे गेला. सासवडच्या मुक्कामाला आम्ही त्यांना शोधून काढले आणि म्हणालो, "बाबा, आज तुम्ही सावरलंत."

ते तंबाखू मळीत म्हणाले, "म्या काय सावरलं? चालता चालता एखाद्याचं पायताण तुटतं. तो बाजूला हुतो, मागचा म्होरं येतो. दिंडी काय थांबती व्हय?"

एवढे बोलून बाबा कुशीवर वळले. आम्हाला मात्र पुष्कळ वेळ झोप आली नाही. दीड वर्ष आमची समजूत अशी, की आमचे शब्द थांबले म्हणजे काहीतरी मोठे थांबले. अभंग तर एका क्षणाचीही वाट न पाहता पुढे गेला होता. या गोष्टीचे प्रथम वाईट वाटले, आणि मग हळूहळू फार बरे वाटले.

तुकोबारायांनी सांगितलेला क्रम

ही झाली आमच्यासारख्या क्षुद्राची कथा. आता ज्यांच्या शब्दांवर अवघा संप्रदाय जगतो, त्या श्रीतुकोबारायांकडे वळू.

सन १६३० च्या सुमारास महाराष्ट्रावर मोठा दुष्काळ कोसळला. तुकोबारायांचा व्यापार बुडाला, दिवाळे निघाले. थोरली पत्नी अन्नावाचून गेली, मूल गेले. जगात तोंड दाखविण्याची लाज वाटावी अशी अवस्था झाली. यातले बहुतेक महाराजांनी आपल्या आत्मचरित्रपर अभंगात स्वतःच्या तोंडाने सांगितले आहे. तो अभंग आपल्यापैकी पुष्कळांना पाठ आहे. पण त्यात सांगितलेल्या गोष्टींचा क्रम आपण लक्ष देऊन पाहतो काय? तो पाहावा, अशी आमची विनंती आहे.

एवढे दुःख कोसळले, तेव्हा महाराज लगेच कविता करू लागले काय? मुळीच नाही. पहिली गोष्ट केली ती अशी, की विठ्ठलाचे देऊळ मोडकळीस आले होते, ते नीट करण्याचे मनात घेतले. म्हणजे पहिले काम दगडमातीचे, हातांचे. नंतर एकादशीला कीर्तन करू लागले. आणि येथे महाराज किती मोकळेपणाने सांगतात पाहा, की आरंभी अभ्यासात त्यांचे चित्त नव्हते. तिसरी गोष्ट, संतांची वचने श्रद्धेने आणि आदराने पाठ केली. चौथी गोष्ट, पुढे गाणारे जे कोणी असतील, त्यांच्यामागे उभे राहून ध्रुपद धरले. पुढे गुरूंचा स्वप्नात अनुग्रह झाला. आणि यानंतर, लक्षात घ्या, या सर्वांच्या नंतर, कवित्वाची स्फूर्ती झाली.

कविता शेवटी आली. आधी हात, मग पाठांतर, मग ध्रुपद, मग कृपा, आणि मग शब्द.

आम्ही काय करतो? क्रम उलटा लावतो. आधी शब्द हवा, शब्द आला म्हणजे मन लागेल, मन लागले म्हणजे हात कामाला लागतील! शब्द आला नाही, की आम्ही देऊळही सोडतो, पाठांतरही सोडतो आणि वारीला कोणत्या तोंडाने यावे असे म्हणतो. अहो, ज्या पायऱ्यांनी शब्द खाली उतरतो, त्याच पायऱ्या आम्ही मोडून टाकतो, आणि मग म्हणतो, शब्द रुसला.

यातही ध्रुपद धरण्याची गोष्ट आम्हाला फार मोलाची वाटते. ध्रुपद धरणाऱ्याला नवीन काही सांगायचे नसते. चाल त्याची नसते, शब्द त्याचे नसतात, लोकांची दृष्टीही त्याच्याकडे नसते. दुसऱ्याने म्हटलेले पुन्हा म्हणायचे, आणि पुढचा थकला तर त्याचा स्वर खाली पडू द्यायचा नाही, एवढेच त्याचे काम. ज्यांच्या मुखातून पुढे गाथा बाहेर पडली, ते तुकोबाराय आधी मागच्या रांगेत उभे होते. मग आम्हाला तेथे उभे राहायला कमीपणा कसला? वारकरी कीर्तनात आजही निरूपणाला संतांचाच अभंग घेतात. स्वतःची रचना कोणी पुढे करीत नाही. निळोबाराय हे आपल्या संतकवींच्या मालिकेतील शेवटचे मानले जातात. त्यानंतर जे जे आले ते सर्व, केवढेही मोठे कीर्तनकार असोत, एका अर्थाने ध्रुपद धरणारेच होत. आमच्या संप्रदायात मागची रांग ही शिक्षा नव्हे. ती घरची जागा आहे.

तरुण बंधूंनी वही इंद्रायणीत सोडण्याचे लिहिले आहे, म्हणून एक गोष्ट स्पष्ट सांगितली पाहिजे. तुकोबारायांच्या वह्या इंद्रायणीत गेल्या, त्या कवित्वाचा कंटाळा येऊन नव्हे. कवित्वाला निषेध झाला, मनाला आघात झाला, आणि म्हणून वह्या बुडविल्या, असे ते सांगतात. नंतर ते घरी जाऊन निजले नाहीत, तर देवाच्या दारी धरणे धरून बसले. १३ दिवस अन्नपाणी वर्ज्य केले, अशी परंपरा आहे. शब्द हातचे गेले, तरी दार सोडले नाही. आणि वह्या तरल्या याचा एक अर्थ असाही सांगतात, की गाथा लोकांच्या कंठी होती, ती बुडणार कशी? ज्यांनी ती कंठी धरली ते सर्व मागच्या रांगेतले, ज्यांची नावे कोणाला माहीत नाहीत असे लोक. शब्द निर्माण करणारा एक असतो, शब्द तारणारे हजार असतात. त्या हजारांत आपली गणना झाली, तर ते थोडके आहे काय?

कोरड दोन प्रकारची

आता पहिला प्रश्न. न सुचणे हा दोष आहे काय? आमचे उत्तर असे, की कोरड एका जातीची नसते. तिची जात ओळखल्यावाचून औषध देऊ नये.

एक कोरड अहंतेची. आरंभी देवासाठी लिहिले, मग लोकांनी मान डोलविली, मग मान डोलावी म्हणून लिहू लागलो. पुढे लोकांना दुसऱ्या कोणाचे आवडू लागले, किंवा तेच तेच ऐकून ते कंटाळले. वाहवा आटली आणि तिच्याबरोबर स्फूर्तीही आटली. हिची परीक्षा सोपी आहे. रात्री दिवा मालवल्यावर स्वतःला विचारावे, "या अभंगाच्या शेवटी माझी नाममुद्रा नसती, तो माझा आहे हे कोणाला कधीच कळणार नसते, तर मी तो रचला असता काय?" उत्तर नकाराचे आले, तर घाबरू नये. रोग कळला. अशा वेळी शब्द बंद झाले ही देवाची अवकृपा नव्हे, कृपाच समजावी. लेकराने मातीने तोंड भरले, म्हणजे आई त्याचे तोंड उघडून बोट घालते. लेकरू रडते, पण आई वैरीण असते काय?

दुसरी कोरड दुःखाची, किंवा नुसत्या थकव्याची. घरातले माणूस गेले, कर्ज झाले, पाऊस गेला, आजारपण आले, संसाराच्या रहाटगाडग्यात माणूस पिळून निघाला. येथे अहंकार शोधीत बसू नये. हा दोष नव्हे. शेतकऱ्याला हे सांगावे लागत नाही. एकाच रानात वर्षानुवर्षे पीक घेतले तर रान कस धरीत नाही. जाणता शेतकरी एखादे वर्ष ते पड टाकतो. शेजारी हसतात, "पाटलांचं रान ओसाड पडलं." पण पड रान आणि ओसाड रान एक नव्हे. ओसाड रानाकडे धनी फिरकत नाही. पड रानात पेरणी नसते, एवढेच; बाकी काम चालूच असते. उन्हाळ्यात नांगरट होते, ढेकळे उन्हात तापतात, हरळीच्या काशा वेचून बांधावर टाकतात, ताली नीट करतात, शेणखत पडते. मग मिरगाचा पाऊस येवो की न येवो. आला तर रान तयार असते.

कवीच्या कोरड्या दिवसांत नित्यनेम म्हणजे ही नांगरट होय. हरिपाठ, काकडा, एकादशी, वारी, यांत नवे काही उगवत नाही असे वाटते. पेरणी नसताना नांगर धरणे कंटाळवाणे असते, हे आम्हाला ठाऊक आहे. पण पेरणीचा दिवस आपल्या हाती नाही. नांगर आपल्या हाती आहे. जे आपल्या हाती आहे ते सोडायचे, आणि जे नाही त्याच्यासाठी रडायचे, याला भक्ती म्हणत नाहीत, शेतीही म्हणत नाहीत.

जनाबाईंचेच पाहा ना. नामदेवरायांच्या घरी दळण, कांडण, झाडलोट, पाणी भरणे. अभंग सुचावा म्हणून त्या माउलीला कोणी निराळी खोली दिली नव्हती. जाते फिरत होते, हात कामात होते, आणि विठ्ठल जवळ बसला होता. त्या दळणातच शब्द निघाले. एखाद्या दिवशी शब्द निघाले नसतील. पण पीठ तर निघालेच असेल! त्या दिवशी घरची माणसे उपाशी राहिली नसतील. आम्हाला वाटते, देवाच्या हिशेबात त्या पिठाचीही नोंद अभंगाच्या शेजारीच असेल.

दार लावून बसू नये

आणखी एक धोका आहे. मनाला लागले म्हणजे माणूस दार लावून घेतो. पुढे दारच त्याला कोंडते.

प्रत्यक्ष ज्ञानोबामाउलींनीही एकदा झोपडीची ताटी लावून घेतली, अशी कथा आपण सर्व ऐकतो. जनांच्या वागण्याने ते खिन्न झाले आणि आत जाऊन बसले. तेव्हा धाकट्या मुक्ताईने दाराशी उभे राहून ताटीचे अभंग म्हटले. ज्या माउलींनी सन १२९० मध्ये, म्हणजे शके १२१२ मध्ये, नेवाशास ज्ञानेश्वरी सांगितली, त्यांनाही बाहेरून हाक मारणारे कोणी लागले! आणि ती हाक मारली कोणी? कोणा महापंडिताने नव्हे, धाकट्या बहिणीने. यातून आम्ही दोन गोष्टी घेतो. ज्याची ताटी लागली आहे त्याने आतून कान उघडे ठेवावेत. हाक लहान तोंडून आली म्हणून तिचा अव्हेर करू नये. आणि ज्याच्या घरात कोणाची ताटी लागली आहे, त्याने "जाऊ द्या, त्याचा स्वभावच तसा" असे म्हणून पुढे जाऊ नये. दोन शब्द दाराशी उभे राहून बोलावे.

कित्येकदा हे प्रकरण नुसते शब्द रुसण्याचे नसते. झोप उडते, अन्न गोड लागत नाही, जगण्यातच अर्थ वाटेनासा होतो. अशा वेळी "नाम घे म्हणजे बरे वाटेल" एवढेच सांगून कोणी मोकळे होऊ नये. नाम घ्यावेच, पण ताप आला म्हणजे आपण नाम घेत घेत वैद्याकडे जातोच ना? मनाच्या तापालाही डॉक्टर आहेत. तिकडे जाण्यात भक्तीला बट्टा लागत नाही. घरच्या माणसांना सांगावे, फडावरच्या जाणत्यांना सांगावे, एकट्याने सोसू नये.

अपुरे राहिले तर

तिसरा प्रश्न राहिला. लिहायचे राहून गेले तर सेवा अंतरते काय?

नाथमहाराजांनी भावार्थरामायण हाती घेतले. युद्धकांडाचे ४४ अध्याय झाले आणि सन १५९९ मध्ये, फाल्गुन वद्य षष्ठीस, पैठणला महाराजांनी गोदावरीत देह ठेवला. ग्रंथ अपुरा राहिला. तो पुढे गावबाने पुरा केला. हा गावबा कोण? तर पुरणपोळीसाठी हट्ट धरणारे, नाथांच्या घरी वाढलेले, लोक ज्याला मंद समजत असे एक पोर. मंत्र द्यायला गेले तर दुसरे काही तोंडात बसेना, "एकनाथ" एवढेच येई, असे चरित्रकथा सांगते. पंडितांनी भरलेल्या पैठणात नाथांनी आपले रामायण ठेवले कोणाच्या भरवशावर, तर या पोराच्या! ज्यांनी शके १५०६ मध्ये ज्ञानेश्वरीची शुद्ध प्रत सिद्ध करून दुसऱ्याचा शब्द इतक्या निष्ठेने सांभाळला, त्यांना आपला शब्दही दुसऱ्याच्या हाती सोपविता आला. ग्रंथ पुरा झाल्याशिवाय जाणार नाही, असा हट्ट त्यांनी धरला नाही.

आमच्या वहीतील पाने कोरी राहिली, म्हणजे देवाचे काम कोरे राहिले, ही समजूतच अहंकाराची आहे. कोणीतरी गावबा कोठेतरी पुरणपोळी खात बसला आहे. त्याची वेळ आली म्हणजे तो लिहील.

यावर कोणी विचारील, "मग आम्ही धडपड करूच नये काय? शब्द देवाचा, वेळ देवाची, तर कवीने काय फक्त वाट पाहावी?" असे नव्हे. बोलणारा मी असलो तरी बोलविणारा दुसराच आहे, हा भाव तुकोबारायांनी पुनःपुन्हा सांगितला. पण म्हणून ते हात जोडून स्वस्थ बसले नाहीत. देऊळ बांधले, पाठांतर केले, ध्रुपद धरले. वाट पाहणे दोन प्रकारचे असते. एक फाट्यावर एस. टी. ची वाट पाहणारा पाय पसरून बसतो. दुसरी, पाहुणा येणार म्हणून वाट पाहणारी घरधनीण. ती सडा घालते, रांगोळी काढते, चुलीवर आधण ठेवते. पाहुणा आज आला नाही, तरी अंगण तर स्वच्छ झाले! दुसऱ्या दिवशी ती पुन्हा सडा घालते.

असो. त्या तरुण बंधूंना आमचे उत्तर थोडक्यात असे. वही नदीत सोडू नका. तिला फडक्यात बांधून पोथीशेजारी ठेवा. रोज उघडून स्वतःला टोचू नका, आणि टाकूनही देऊ नका. वर्षभर नवीन रचण्याचा प्रयत्न बाजूला ठेवा. त्याऐवजी दर एकादशीला संतांचा एक अभंग, अर्थ समजून, पाठ करा. गावच्या देवळात जे काम हातांचे असेल ते मागून घ्या. झाडणे असो, समईत तेल घालणे असो, की टाळांचे दोर बदलणे असो. भजनात पुढे बसत असाल तर मागे बसा आणि ध्रुपद धरा. आणि वारीला कोणत्या तोंडाने यावे असे विचारता, तर ज्या तोंडाने दुसऱ्याचा अभंग म्हणता येतो त्याच तोंडाने यावे. पंढरीच्या वाटेवर कोणी कोणाला "नवीन काय लिहिलंत?" असे विचारीत नाही. "माउली, पाणी घ्या," एवढेच विचारतात.

यानंतर शब्द परत येतीलच, असे वचन आम्ही देत नाही. ते देणारे आम्ही कोण? आमचे सांगायचे तर, घाटातील त्या दिवसानंतर दोन वाऱ्या आम्ही मागच्या रांगेत चाललो. तिसऱ्या वर्षी जोंधळ्यात खुरपणी चालली असता, काहीही मनात नसता, एक चरण आला. मग दुसरा, मग तिसरा. संध्याकाळी घरी येऊन तांबडी वही उघडली आणि उतरवून घेतला. मोठ्याने म्हणून पाहिला, तर तिसऱ्या चरणात ठेच लागत होती. खुंटीवर मृदंग तसाच टांगलेला होता. ती ठेच आम्ही दुरुस्त केली नाही, तशीच ठेवली. त्यानंतर कधी वर्षातून दोन येतात, कधी एकही येत नाही. पूर्वीसारखे दर एकादशीला येत नाहीत. आले तर उतरवून घेतो. न आले तर हरिपाठ म्हणून निजतो. आता पांढऱ्या पानाची भीती मात्र राहिली नाही.

येत्या आषाढीला ते बंधू दिवे घाटात भेटावेत, मागच्या रांगेत आमच्या शेजारी त्यांनी टाळ धरावा, आणि चढावर आमचा चरण विसरला तर त्यांनी तो उचलावा, एवढीच पांडुरंगाच्या चरणी प्रार्थना.

रामकृष्णहरि.